तिकडचा बांध

आषाढ अमावस्येचं उधाण आमच्या खारेपाटाला कधी सुखाचं गेलेलं नाही, आणि यंदाही गेलं नाही. सकाळी नववीच्या वर्गात हजेरी घेत होते, तेव्हा टेबलावरचा फोन थरथरला. गावच्या ग्रुपवर कुणीतरी दोनच शब्द टाकले होते, 'खांड गेली.' ज्यांनी खाडीकाठ पाहिलेला नाही त्यांना यातली धडकी कळायची नाही. आमची भातशेतं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. भोवती मातीचा बांध आहे म्हणून ती शेतं, नाहीतर समुद्रच. तो बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणायचं. एकदा का खारं पाणी आत शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात उभा राहत नाही.

शाळा सुटल्यावर पेणहून रोह्याची गाडी धरली. कासू मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना नुसतं पाणी दिसायला लागलं. त्यातलं पावसाचं किती आणि खाडीचं किती, हे डब्यात बसून कुणाला सांगता येणार? समोरच्या बाकावरच्या दोघी शिफ्ट बदलल्याच्या तक्रारी करत होत्या. नागोठणं गेलं, निडी गेलं. मी मनात एकच गोष्ट घोळवत होते, की ही बातमी ऐकून तरी तो या कुशीवर वळेल.

तो म्हणजे माझा दादा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत त्यानं उभं आयुष्य शिफ्ट केल्या, गेल्या वर्षी निवृत्त झाला, आणि यंदा जूनमध्ये एका सकाळी दात घासता घासता बेसिनपाशी कोसळला. डावी बाजू गेली. वाचा जड झाली, पण राहिली. पहिले काही दिवस आम्ही सगळे जिद्दीला पेटलो होतो, तोही. मग एक दिवस त्यानं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी रोज अकराला यायची, "काका, पाय खाली सोडा बघू," म्हणायची, आणि अर्धा तास त्याच्या पाठीशी बोलून परत जायची. मला फोन करून सांगायची, "मॅडम, पहिले दोन-तीन महिनेच काय ते हातात असतात. ते उभंच राहिले नाहीत तर पुढं मीही काही करू शकणार नाही." म्हणजे दिवस भराभर संपत होते आणि ज्याचे संपत होते त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

रोह्याला त्याच्या घरी पोचून मी पिशवी खाली ठेवली, खाटेच्या काठावर टेकले आणि म्हणाले, "दादा, खांड गेली रे. आपल्या गावची."

नोकरीत असताना उधाणाच्या दिवशी रजा टाकून बांधावर धावणारा हा माणूस. त्याची पाठ हललीसुद्धा नाही. वहिनी आतून हात पुसत आली. "सकाळपासून असंच हाय गो," ती हळू म्हणाली. "चहा पण नाय घेतला. मी काय करू, तूच सांग."

मला काय ठाऊक? मी भूगोल शिकवते. त्या पाठीकडं बघत बसले, आणि बसल्या बसल्या मला माझा स्वतःचा भिंतीकडं तोंड केलेला पावसाळा आठवला.

मी चौदा वर्षांची होते. ज्येष्ठ लागता लागता उघाडीवरून, म्हणजे बांधातलं पाणी सोडायच्या दारावरून, पाय घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. छातीच्या खालपासून एका पायाच्या टाचेपर्यंत प्लास्टर घातलं. तीन महिने उताणं पडायचं. वर कौलं, बाजूला खिडकी, खिडकीत शेजारच्या घराची कौलं. प्लास्टरच्या आत घाम आणि खाज. स्वेटर विणायची सुई आत खुपसून खाजवायचे आणि ती काढली की तिला येणाऱ्या वासानं रडायला यायचं. मैत्रिणी पहिल्या आठवड्यात आल्या, मग शाळा सुरू झाली आणि यायच्या थांबल्या. त्यांची चूक नव्हती, पण तेव्हा मला सगळ्या जगाचा राग आला होता. मी जेवण सोडलं. आई भाताचा घास तोंडाशी धरून बसायची आणि मी ओठ मिटून घ्यायचे. मरायचं वगैरे ठरवलं नव्हतं. नुसतं कशातच राम उरला नव्हता.

तेव्हा मला न सांगितलेली एक गोष्ट होती. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी बाबांना आणि दादाला व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं, की हाड जुळेल, पण पोरगी नीट चालेल की नाही याची खात्री मी देत नाही. बाबांनी हे मला फार वर्षांनी, स्वतः थकल्यावर सांगितलं.

दादा त्या वेळी कंपनीत नुकताच लागला होता. हात मात्र वायरींत. गावातले रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही त्याच्याकडं दुरुस्तीला यायचे. कंपनीतले कुणी साहेब बदलून चालले होते, त्यांनी त्यांच्या मुलाचा बिघडलेला संगणक 'बघ काही होतंय का' म्हणून त्याच्या हवाली केला. संगणक म्हणजे काय, तर भूगोलाच्या पुस्तकाएवढी काळी पेटी आणि तिच्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. पडदा नाही, काही नाही. आमच्या छोट्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचा आणि कार्यक्रम कॅसेटवरून आत घ्यायचा. दादानं आठ दिवस खपून तो जिवंत केला. फक्त सोबतच्या कॅसेटवरच्या खेळात डावीकडं वळायचं बटण काही केल्या चालेना.

"मंग डावीकडं कसं जायाचं?" मी विचारलं. पंधरा दिवसांत मी आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

"तीनदा उजवीकडं वळायचं," दादा म्हणाला. "पोचतेस ना तिथंच."

टीव्ही त्यानं स्टुलावर ठेवला आणि संगणक ठेवला माझ्या पोटावर, प्लास्टरवर. इतकं पक्कं टेबल आमच्या घरात दुसरं नव्हतं. कॅसेट सुरू केली की खेळ आत जाईपर्यंत पाच मिनिटं नुसती किंचाळी. आई चुलीपासून ओरडायची, "अरे, ते मांजर कुणाच्या पायाखाली आलंय? सोडवा तरी त्याला!" पाचातल्या तीन वेळा ते मधेच गळपटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि मग कधीतरी किंचाळी थांबायची, पडदा काळा व्हायचा, आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी डोंगर उमटायला लागायचे. एक रेघ, दुसरी रेघ, हळूहळू. समोर एक मनोरा, उजवीकडं दोन टेकड्या, त्यांच्यामधे एकच झाड, तेही तीन काड्यांचं. एक बटण दाबलं की एक पाऊल पुढं. अख्खं चित्र पुसलं जायचं आणि पुन्हा रेघ रेघ करत नव्या जागेवरून उभं राहायचं.

कॅसेट कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, वरचं नाव पुसलेलं, सोबत माहितीचा कागद नाही. काय जिंकायचं, कुणाला वाचवायचं, गुण कशाचे, काही कळत नव्हतं. त्या खेळात राजकन्या असेल, खजिनाही असेल, आम्हाला कधी भेटला नाही. आम्ही त्याला नाव दिलं 'तिकडं'. "तिकडं जायचं?" दादा ड्यूटीवरून आला की विचारायचा आणि मी मान हलवायचे. वहीतल्या आलेखाच्या कागदांवर मी नकाशा काढायला लागले. शंभर पावलं म्हणजे एक चौकोन. टेकडीला त्रिकोण, झाडाला फुली. कागद संपला की पुढचा, त्यावर क्रमांक. सगळा नकाशा उताण्यानं, हात वर धरून काढलेला. अजूनही माझं अक्षर जरा वर चढतं ते त्यामुळंच असावं.

माझ्या वर्गातली मुलं आता मोबाइलवर खेळतात ती जगं मी पाहिली आहेत. गवताची पाती हलतात, पाण्यात ढग दिसतात. पण कोपऱ्यात एक बाण सतत सांगत असतो, इकडे चल, आता तिकडे. माझ्या त्या काळ्या पेटीला बाण काढायला जागाच नव्हती. आज एका फोटोला जेवढी जागा लागते तिच्याहून कमी जागेत तिनं सगळा मुलूख मांडला होता. मी दादाला विचारलं होतं, एवढे डोंगर त्यात ठेवलेत कुठं? तो म्हणाला, "ठेवलेले नायत गो. आपल्या पेणच्या कारखान्यात साचा असतो ना, त्यात गणपती कुठं असतो? पोकळीच असते. ओतलं की निघतो. तसं एक गणित हाय, त्यातून डोंगर निघतात, दर वेळी तेच." मला ते फार आवडलं होतं. जिला कूस बदलायला दोन माणसं लागत होती, तिला कुणी न अडवता, कुणी न सांगता, वाटेल तिकडं जाता येत होतं. चुकलं तर चुकलं. आईबापांच्या घरात, गावात, त्या वयाच्या मुलीला अशी मुभा धडधाकट पायांनीही मिळाली नसती, हे आता कळतं.

आणि आम्ही एक चूक केली. ती दुसऱ्या कुणी केली नसती. पडद्यावर डोंगरांच्या मागं या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी पांढरी रेघ होती. पुण्यामुंबईच्या पोरांनी तिला क्षितिज म्हटलं असतं. आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "तो बघ बांध!" आमच्या शेतात उभं राहिलं की चारी बाजूंना जमीन संपते तिथं अशीच सरळ रेघ दिसते आणि ती बांधाची असते. जमीन म्हटली की तिला बांध हवाच, नाहीतर पाणी आत येईल. मला खरोखरीची धास्ती वाटायला लागली. एवढा मोठा मुलूख, तिथं माणूस दिसत नाही, मग बांध राखतं कोण? खांड गेली असली तर? "आपण जाऊन बघू," मी म्हणाले. झालं. राजकन्या राहिली बाजूला, आम्ही बांध शोधायला निघालो. रोज चालायचं, रोज ती रेघ तेवढीच लांब. मी जेवायला लागले, कारण दादानं अट घातली होती, ताट रिकामं झालं की मगच कॅसेट.

लाइट गेली की सगळं जग पुसलं जायचं. म्हणून चाललेली वाट कॅसेटवर साठवून ठेवायला दादा शिकला. कोरी कॅसेट संपली तेव्हा आम्ही आत्याच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट घेतली, एका बाजूला काही नसेल असं समजून. पुढं आत्यानं चार बायका गोळा करून कौतुकानं लग्नात गाणाऱ्या धवलारणीची गाणी लावली, तर त्यातून आमचं मांजर किंचाळलं. आत्या दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही.

त्याच पावसात, श्रावणात, भरदुपारी खांड गेली. गावात हाकारा झाला. अशा वेळी घरटी माणसानं धावायचं, माती, पेंढा, दगड, हाताला लागेल ते टाकून खांड बुजवायची. या कामाला आमच्याकडं जोळ म्हणतात आणि त्यातून कुणी अंग काढून घेत नाही. बाबा गेले, दादा गेला, आई टोपली घेऊन गेली. घरात मी एकटी, कमरेला खडूचा पहाड बांधलेली. थोड्या वेळानं अंगणात पाण्याचा आवाज यायला लागला. मग पडवीत. मान वळवून बघितलं तर चपला तरंगत होत्या. मी हाका मारल्या. ऐकायला गावात कुणी उरलंच नव्हतं. पाणी खाटेला लागलं तर मी दगडासारखी खाली जाणार, हे मला अगदी स्वच्छ समजलं होतं. तेवढी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही. म्हणजे यंदाच्या पावसापर्यंत.

दादा बांध सोडून आला. गुडघ्याएवढ्या पाण्यातून आला, खाटेच्या चारी पायांखाली जांभ्याचे चिरे सारले, आणि चिखलानं भरलेला तसाच माझ्या उशाशी बसला. लाइट नव्हती. मी हुंदके देत होते आणि म्हणत होते, तिकडं जायचंय, मला तिकडं जायचंय. तो म्हणाला, "लाइट कशाला पायजे? कागद हायत ना." त्यानं पहिला कागद उचलला आणि बघून सांगायला लागला. "समोर मनोरा हाय. उजवीकडं दोन टेकड्या. चल. आता झाड मागं गेलं."

"पुढं सांग," मी म्हणाले.

"पुढं उतार हाय. खाली नदी. वळतेस का सरळ?"

"सरळ. पुढं सांग."

पाणी उतरेपर्यंत तो सांगत राहिला. गावानं त्याला त्याचं माप दिलंच. बांध सोडून बहिणीजवळ बसला, असं कित्येक वर्षं बोललं गेलं. बाबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्यानं एका शब्दानं सफाई दिली नाही.

गणपतीच्या तोंडावर प्लास्टर निघालं. आतून जो पाय निघाला तो माझा वाटेना, सोललेल्या काठीसारखा होता. टेकवला की कळ मस्तकात जायची. मी पुन्हा ओठ मिटले. तेव्हा दादानं नवा व्यवहार काढला. अंगणात दहा पावलं टाकलीस तर तिकडं शंभर. मी रडत, त्याला शिव्या देत दहा पावलं टाकायचे आणि मग शंभर वसूल करायचे. "बांध किती लांब हाय रे?" "पुढं हाय गो बाय. थोडं पुढं हाय." अंगण झालं, मग रस्ता, मग देऊळ. दिवाळीत मी कुबडी घेऊन गावच्या खऱ्या बांधावर जाऊन उभी राहिले. त्यानंतर महिन्याभरात व्होल्टेज वाढलं आणि संगणक जळाला. तिकडचा बांध राहिला तो राहिलाच. पाय किंचित आखूड राहिला, आजही मी लंगडते. मुलांनी माझं त्यावरून काय नाव ठेवलंय ते मला माहीत आहे, पण मी वर्गात चालत जाते.

तर यंदा, त्या पाठीकडं बघत असताना मनात आलं, की याला तिकडं न्यायचं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी ही होती. घरी परतून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून कॅसेट आणि आलेखाच्या कागदांची गुंडाळी काढली. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी. शाळेच्या कपाटात पडलेला टेपरेकॉर्डर आणून लावली, तर आत फीत तुटली. मग इंटरनेट. जगात माझ्यासारखे पुष्कळ वेडे आहेत हे तेव्हा समजलं. जुने खेळ कुणीकुणी जपून ठेवलेत, आणि आजच्या लॅपटॉपला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावणारे प्रोग्रॅमही आहेत. पण नाव ठाऊक नसलेला खेळ शोधायचा कसा? रविवारच्या रविवार चित्रं बघत बसले. श्रावणातल्या एका रविवारी मनोरा आला, दोन टेकड्या आल्या, मधलं तीन काड्यांचं झाड आलं. मी लॅपटॉपला नमस्कार केला, अगदी हात जोडून.

दुसऱ्याच दिवशी रोह्याला गेले. दादाच्या खाटेवर, त्याच्या आणि भिंतीच्या मधे, लॅपटॉप ठेवला आणि ती किंचाळी लावली. त्याचे डोळे उघडे होते. रेघा उमटायला लागल्या. मी म्हणाले, "दादा, तिकडं जायचं?"

त्यानं डोळे मिटले. "बंद कर," तो म्हणाला. आठवड्याभरात मला ऐकू आलेले त्याचे हे दोनच शब्द.

रोहा स्टेशनच्या बाकावर मी भर गर्दीत रडले. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

त्या आठवड्यात त्याला तपासणीला न्यायचं होतं. मोठ्या डॉक्टरांनी त्याचा पाय उचलून पाहिला, सोडून पाहिला, आणि मला बाहेर बोलावलं. "आशा दाखवणार नाही मी," ते म्हणाले. "वेळ गेला आहे, त्यांची इच्छाही दिसत नाही. आधारानं बसते झाले तरी पुष्कळ समजा." व्हरांड्यात औषधांचा वास होता. मी मान डोलावून आत आले. दादा माझ्याकडं बघत होता. मी चपला शोधायचं निमित्त केलं.

रविवारी दुपारी घरात एकटीच होते. भांडी तशीच पडलेली. लॅपटॉप उघडला आणि मनोऱ्याकडं पाठ करून सरळ चालायला लागले. वळायचं नाही, नदी आली तर नदीतून, टेकडी आली तर टेकडीवरून. कुठंतरी बांध असेल आणि मी तो आज बघणारच, असा एक अविचार डोक्यात शिरला होता. बोट दुखायला लागलं. शेजारी कागद पसरले होते, बावीस, सत्तावीस, तेहतीस. तेहतिसावा माझा शेवटचा. त्याच्यापुढं मी कधी गेलेच नव्हते, कारण दर वेळी तिथं आले की दादा म्हणायचा, "उजवीकडं वळ गो, तिकडं काहीतरी चमकलं." मी आज वळले नाही. एक उतार लागला, एक माळ लागला. मग लांबवर एक उभी रेघ दिसली. जवळ गेले. मनोरा. बाजूला दोन टेकड्या आणि मधे तीन काड्यांचं झाड.

मी निघाले होते तिथंच परत आले होते. त्या जगाला बांध नव्हताच. सरळ चालत राहिलेला माणूस फिरून मूळ जागी येत होता, एवढंच त्याचं गणित. भूगोलाच्या बाईला हे कळायला वयाची बावन्न वर्षं लागली.

कागद गोळा करताना गुंडाळीच्या सगळ्यात आत चिकटलेला एक कागद सुटला. चौतीस. अक्षर माझं नाही, दादाचं. मनोरा, दोन त्रिकोण, मधे फुली. खाली एकच शब्द, 'पहिलाच'. म्हणजे मी झोपलेली असताना तो एकटा सरळ चालत गेला होता. बांध नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं. आणि त्यानंतरही तो मला म्हणत राहिला होता, पुढं हाय.

मी तशीच उठले, कागदांची गुंडाळी घेतली आणि मिळेल त्या गाडीनं रोह्याला गेले. वहिनी दार उघडून काही म्हणायच्या आत मी खाटेपाशी पोहोचले आणि तो कागद त्याच्या नाकासमोर भिंतीला टेकवून धरला.

"तुला माहीत व्हतं," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात आपसूक घरची बोली आली. "बांध नाय तिकडं. तुला माहीत व्हतं आणि तू मला फसवलंस. रोज फसवलंस."

तो कागदाकडं बघत राहिला. मला वाटलं, आता पुन्हा डोळे मिटणार. पण तो जड जिभेनं म्हणाला, "चाललीस ना?"

मी कागद खाली घेतला. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. दादानं मान भिंतीकडून या बाजूला वळवली. महिन्याभरात या खाटेवर त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच समोरून पाहिला. एका बाजूनं उतरलेला, दाढी वाढलेला, आणि डोळ्यांत दवाखान्यातली ती चपला शोधण्याची दुपार जशीच्या तशी.

"डॉक्टर काय बोलला? भायेर नेऊन?"

मला खोटं बोलता येत नाही. शाळेत त्यावरून माझी चेष्टा होते. आणि हा तर या खोट्याचा मूळ मालक, त्याच्यापुढं माझी काय मात्रा चालणार? मी ओठ चावला. मग म्हणाले, "पुढं हाय, दादा. थोडं पुढं हाय."

त्यानं ओळखलं. मी पाहिलं ना, त्यानं लगेच ओळखलं. त्याच्या तोंडाची चालणारी बाजू जरा हलली. ते हसू होतं की रडू, मला सांगता यायचं नाही. त्यानं उजवा पाय चादरीतून काढून खाली सोडला. मग उजव्या हातानं डावा पाय उचलला, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू ठेवावी तसा त्याच्या शेजारी ठेवला, आणि पुढं आलेल्या वहिनीला हात दिला. त्याला धाप लागली होती. तो उभा राहील की नाही, मला माहीत नव्हतं. चालणार नाही हे मला सांगितलं गेलं होतं, आणि त्यालाही ते आता माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"पुढं सांग," तो म्हणाला.

मी पहिला कागद उचलला. अक्षरं दिसत नव्हती, पण त्याची गरज नव्हती. "समोर मनोरा हाय," मी म्हणाले. "उजवीकडं दोन टेकड्या. चल."